बाबाचा सेट

बाबा, तुमची जीप काल आरटीओत पास झाली. आता पुढची काही वर्षं तिला रस्त्यावर कुणी अडवणार नाही. ही आनंदाची बातमी म्हणून लिहायला बसलेलो नाही. कालपासून माझा जीव थाऱ्यावर नाही आणि घरात हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी भिंतीला धरून उभी राहायला शिकत होती, आता ती अमरावतीला कॉलेजात आहे. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावं असं मला फारसं कधी वाटलं नाही, खरं तेच सांगतो. तुम्ही होतात तेव्हाही आपलं बोलणं बेताचंच होतं. तुम्ही तुमच्या जीपबद्दल बोलायचात, मी माझ्या गाडीबद्दल, आणि दोघांचं एकमेकांना काडीचंही पटायचं नाही. पण आता जे होऊन बसलं आहे ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात तुम्ही ड्रायव्हर होतात आणि ही जीप तुमच्या हातात कोरी करकरीत आली होती. पुढं ऑफिसनं ती लिलावात काढली तेव्हा तुम्ही ती घेऊन सरळ घरी आलात. आईनं तिला हळदकुंकू लावलं, चाकांवरून पाणी ओवाळलं, आणि तुम्ही अंगणात उभ्या उभ्या चहा पिता पिता फर्मान काढलंत, "आता हिले कोणी हात लावाचा नाही. कंपनीनं जशी देल्ली तशीच राहीन." तशीच राहिली. आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या जीपला काय काय लावलं, मोठी चाकं, रंगीत दिवे, पुढं लोखंडी गार्ड. तुमच्या जीपला तुम्ही साधी नवी काच बसवली तरी जुन्या काचेसारखीच मिळावी म्हणून नागपूरपर्यंत जाऊन आलात. पासिंगचा दिवस म्हणजे आपल्या घरी सणच असायचा. आदल्या दिवशी तुम्ही मला बादली घेऊन जीपच्या खाली पाठवायचात आणि वरून विचारायचात, "स्प्रिंगचे पाटे पुसले काय? नीट पुस, साहेब वाकून पाह्यते." सकाळी आई डबा द्यायची, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. मैदानात गाड्यांच्या रांगेत आपण उभे आहोत, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलेला आहे, आणि इन्स्पेक्टर बॉनेट उघडून आत बघत बघत म्हणतो आहे, "अशी ठेवलेली गाडी आता पाहायला मिळत नाही हो." तुम्ही हसत नाही. डाव्या हाताच्या अंगठ्यानं नुसतं स्टेअरिंग खरवडत राहता.

ती तुमची सवय होती. साहेबांची मीटिंग संपेपर्यंत धरणावर, कालव्यावर, कुठल्याशा विश्रामगृहाच्या बाहेर तुम्ही जीपमध्ये बसून राहायचात आणि अंगठ्याचं नख त्या काळ्या स्टेअरिंगवर एकाच जागी घासत राहायचात. तिथं खळगा पडला होता. लहानपणी तुम्ही गाडीत नसलात की मी माझा अंगठा त्यात घालून बघायचो, तो आत बुडून जायचा.

आणि मी कसा निघालो ते तुम्हाला माहीतच आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून चिकटलो, लग्न झालं, आणि सेकंडहँड छोटी गाडी घेतली ती पहिल्याच वर्षी खाली बसवली. स्प्रिंगा कापल्या, रुंद चाकं टाकली, सायलेन्सर बदलला. लोकांना वाटतं ही गाडी कुण्या टारगट पोराची असेल; दार उघडून चष्मा लावलेला, पोट सुटलेला मी उतरतो तेव्हा त्यांची निराशा होते. बाबा, या यवतमाळात अशी गाडी ठेवणं म्हणजे रोजचं मरण आहे. आपल्याकडं ज्याला वाटेल तो आपल्या दारासमोर स्पीडब्रेकर घालतो. कुणी मातीचा, कुणी सिमेंटचा, कुणी गणपतीत घालतो तो दिवाळीपर्यंत तसाच राहतो. प्रत्येक ब्रेकरच्या अलीकडं मी थांबतो, बायको उतरते, पदर सावरत चालत पलीकडं जाते, मी रिकामी गाडी तिरपी करून हळूच काढतो, ती परत बसते. आर्णी रोडनं तिच्या माहेरी जायचं तर अर्धा रस्ता ती पायीच जाते, आणि हे ती माहेरच्यांना हसत हसत सांगते, पण हसताना माझ्याकडं बघत नाही. लग्नात गाडी लावली की कुणीतरी हटकून विचारणार, "भाऊ, चारही टायर पंक्चर हायेत काय?" चाकांचं अलाइनमेंट करायला गेलो तर गाडी गॅरेजवाल्याच्या मशिनवर चढत नाही. बाहेरून मागवलेले शॉकअ‍ॅब्सॉर्बर येतात ते दुसऱ्याच गाडीचे. चौकात शंभर गाड्या जातात आणि शिट्टी मलाच. मुलगी शाळेत होती तेव्हा म्हणायची, कोपऱ्यावरच सोडा, गेटपर्यंत आणू नका. तरी मी सोडलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कॉलेजात मला सगळे ओ भाऊ म्हणतात, ही बाटली आणा, तो पंखा लावा. घरात माझ्या म्हणण्यानं एक खुर्ची इकडची तिकडं झाली नाही. एक गाडीच होती जिथं मी म्हटलं तसं झालं.

सायलेन्सर बदलून आणला ती दुपार आठवते? तुम्ही कडुलिंबाखाली खाटेवर बसला होतात. मी मुद्दाम रेस देऊन दाखवली. तुम्ही उठलात, गाडीभोवती एक चक्कर मारलीत, मागं उभं राहून ऐकलंत आणि म्हणालात, "हे गाडी नाही बोलून राह्यली. तू बोलून राह्यला. अन् तुह्याजवळ बोलासारखं हाय काय बे?" आई दारात उभी होती, बायको तिच्या मागं. मी गाडी बंद केली. त्यानंतर बरेच दिवस आपण फक्त जेवायला बसताना एकमेकांच्या समोर यायचो. माझी गाडी तर गेटातून आतही येत नव्हती, उंबरठ्याच्या उंचवट्यावर पोट टेकायचं, म्हणून ती बाहेरच उन्हात उभी असायची आणि तुमची जीप आत पत्र्याखाली. मग एक दिवस मी कॉलेजातून आलो तर गेटापुढचा उंचवटा फोडलेला, आणि तिथं लांबलचक, सावकाश चढत जाणारा नवा सिमेंटचा उतार. त्यावर ओली पोती अंथरलेली आणि तुम्ही झारीनं पाणी घालत होतात. माझ्याकडं न बघता म्हणालात, "आज बाहेरच ठेवजो. सिमेंट कच्चं हाय." बस, इतकंच. तुम्ही पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो. तुम्ही गेल्यावर जीप पत्र्याखाली उभी राहिली. मी ती आठवड्यातून एकदा चालू करायचो, आईला बरं वाटावं म्हणून. एक दिवस मारेगावकडचा माझा मित्र आला, तांड्यावरचा, कापसाची शेती आहे त्याची. तुम्ही त्याला ओळखत होतात, ज्याच्या जीपला ट्रॅक्टरसारखी चाकं होती म्हणून तुम्ही त्याला हिला नांगर लाव म्हणाला होतात तो. त्याची पासिंग होती आणि त्या अवतारात त्याची जीप पास होणं शक्य नव्हतं. मूळ सामान लावून न्यायला हवी, तर मूळ सामान कुठं होतं? आम्हा गाडी नटवणाऱ्या लोकांची ही एक जातकुळीच आहे, बाबा. नवा पार्ट लावला की काढलेला आम्ही त्याच दिवशी विसरतो. कोपऱ्यात टाकतो, कुणालाही देतो, भंगारात घालतो. कंपनीचं सामान म्हणजे आम्हाला काढून फेकायची साल. तो म्हणाला, "भाऊ, बाबाच्या जीपचा सायलेन्सर अन् स्टेअरिंग दे ना दोन दिवस. पास झालं का आणून देतो." मी दिलं. खरं सांगू, मला त्यात तुमचा मान वाटला. त्याची जीप पास झाली आणि तो पेढे घेऊन आला, आईच्या पाया पडला, बंजारा बोलीत तिला आई म्हणून हाक मारत म्हणाला, "याडी, बाबानं पास केलं मले."

मग सुरू झालं. जिल्ह्यात जुन्या जीपवाल्यांचा आमचा एक ग्रुप आहे, सगळे एकमेकांना धरून. कुणाचीही पासिंग आली की फोन यायचा, "भाऊ, बाबाचे चाकं रिकामे हायेत काय?" "बाबाचा बंपर कोणाकडं हाय?" त्याला नावच पडलं, बाबाचा सेट. वणीला गेला, पुसदला गेला, दारव्ह्याला गेला. चाकं, सायलेन्सर, बंपर, सीटा, पुढचे दिवे. बाभुळगावच्या एकानं तर समोरची डॅशबोर्डची सगळी पट्टीच धरायच्या दांड्यासकट खोलून नेली, कारण त्यानं स्वतःच्या जीपला टीव्हीएवढा पडदा बसवला होता. तुमचं नाव न ऐकलेली पोरं तुमच्या नावानं नारळ फोडायला लागली. जीप कधी विटांवर असायची, कधी सीटांवाचून. आई विचारायची, चाकं कुठं गेले रे, मी म्हणायचो पंक्चर काढायला दिलेत. सामान परत यायचं, मी लावायचो. एकच गोष्ट मी कधी कुणाला दिली नाही, हॉर्न. कुणी मागितला तर साफ नाही म्हणायचो. लोक म्हणायचे, बाबाची आठवण म्हणून ठेवला असन. मी हो म्हणायचो.

यंदा आपल्या जीपचीच पासिंग आली. मी आईला सहज बोललो तर ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. बाबा, आई आता फारशी कुठं जात नाही, गुडघे धरलेत तिचे. गेटापर्यंत जाते आणि परत येते. ती म्हणाली, "पासिंग झालं का मले एकडाव धरणावर ने. त्यायच्या गाडीत. तुह्या नोको, तुह्यात बसलं का उठताच येत नाही." इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं नेतो. आणि त्याच दिवशी जीपमध्ये बसून मी स्टेअरिंग धरलं, सहज अंगठा डाव्या बाजूला नेला, आणि तिथं खळगा नव्हता.

मी खाली वाकून पाहिलं, फिरवून पाहिलं, वाटलं उलटं बसलं असेल. नाही. ते स्टेअरिंग तसंच होतं, त्याच कंपनीचं, त्याच काळ्या रंगाचं, पण दुसऱ्या कुणाचं. मग मी एकेक बघत गेलो. बंपरला मागं वेल्डिंग होतं, ते आपल्याला कधीच नव्हतं. चाकांचे रंग चार जागचे. सीटचा फोम टणक, तुमची सीट डाव्या बाजूला दबलेली होती. लोकांनी परत आणून दिलं होतं, कुणीच लबाडी केली नव्हती. ज्याच्याकडं जे मूळ सामान हाताला लागलं ते आणलं. स्वतःच्या गाडीचा एक बोल्ट कुणी बदलला तर अंधारात हात फिरवून ओळखणारे आम्ही लोक, पण कंपनीचं ते सगळं सारखंच, असं आम्ही धरून चाललो. मीही तसंच धरलं. मी लावताना एकदा तरी नीट बघायचं होतं, नाही बघितलं.

ग्रुपवर मेसेज टाकला. सगळ्यांनी विचारलं, फोटो टाका. बाबा, माझ्याकडं माझ्या गाडीचे हजारो फोटो आहेत, पोटाखालून, चाकातून, पावसात, उन्हात. तुमच्या जीपच्या आतला एकही नाही. मूळ गाडीचा फोटो कोण काढतो? मी लिहिलं, डाव्या बाजूला अंगठ्याएवढा खळगा आहे. एकानं अंगठा पाठवला. एकानं लिहिलं, भाऊ खळगाच पायजे असन तर कानशीनं करून देतो, टेन्शन नोको घेऊ. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, पण मी फोन भिंतीवर आपटता आपटता राहिलो.

शेवटी मारेगावला गेलो, तांड्यावर. कापूस वेचणीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही कडांना बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकलेला, आणि पुढं कोळशाचे ट्रक. मित्र ओट्यावर बसला होता. माझं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्यानं गेल्या उन्हाळ्यात जीप विकली होती, पैनगंगेपलीकडं, तेलंगणातल्या एकाला. त्याच्या आदल्या पासिंगला त्यानं सेटमधलं जे स्टेअरिंग लावलं होतं ते तसंच गेलं; मला त्यानं परत दिलं ते दुसऱ्या कुणाकडून हाताला लागलेलं. त्यानं माझ्यासमोर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, वो पुराना स्टेअरिंग? वो तो कबाडीवाला आया था, उसको दे दिया, मैंने स्पोर्टवाला लगाया ना. मित्रानं फोन ठेवला आणि खाली मान घालून म्हणाला, "मले काय माहीत भाऊ. मले वाटलं स्टेअरिंग म्हणजे स्टेअरिंग. माह्या ट्रॅक्टरचं काढून देऊ काय?" त्याच्या डोळ्यात पाणी होतं आणि मला त्याला मारावंसं वाटत होतं. मी पाणी पिऊन निघालो. येताना एका गावाच्या तोंडाशी कुणीतरी नवाच स्पीडब्रेकर घातलेला, बायको सोबत नव्हती, मी गाडी तशीच दामटली आणि तिचं पोट असं घासलं की आतून कुणी ओरडल्यासारखं वाटलं. मी गाडी कडेला लावली, बांधावर बसलो आणि रडलो. ट्रकवाले बघत बघत जात होते. तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो नव्हतो, लोकांनी नावं ठेवली होती. त्या दिवशी त्या घासलेल्या गाडीशेजारी बसून मला पहिल्यांदा वाटलं की बाबा गेले, आता नाहीत, आणि जे थोडे उरले होते ते मी माझ्या हातानं जिल्हाभर वाटून टाकले.

भंगारवाले पालथे घातले. पांढरकवडा, वणी, आपला यवतमाळचा. स्टेअरिंगच्या ढिगात हात घालून एकेकाची डावी बाजू चाचपत राहिलो. भंगारवाला म्हणाला, "साहेब, कोणतंही घ्या ना, सगळे गोलच हायेत." नाही सापडलं. पासिंगच्या आदल्या सकाळी मी पत्र्याखाली बसून खरंच कानस घेतली. त्या परक्या स्टेअरिंगवर डाव्या बाजूला जागा धरली आणि एक हात मारला. काळा भुगा मांडीवर पडला. मग अंगठा लावून पाहिला तर तो माझा अंगठा होता. मी कानस ठेवून दिली. तो एक ओरखडा तसाच आहे.

काल मैदानात रांगेत उभा होतो. एकटाच, शर्टाला इस्त्री करून. इन्स्पेक्टर तरुण होता, त्यानं बॉनेट उघडलं, दिवे पाहिले, वाकून पाटे पाहिले, ते मी पुसलेले होते. मला आतून वाटत होतं की यानं ओळखावं. म्हणावं, ही कुणाकुणाची गाडी घेऊन आलात? मी लगेच कबूल झालो असतो. तो कागदावर सही करत म्हणाला, "व्वा काका, एकदम ओरिजिनल ठेवली आहे. अशी पाहायला मिळत नाही." ग्रुपवर टाकलं नाही तरी कुणाला तरी कळलंच, आणि मेसेजांचा पाऊस पडला, बाबा पास, बाबा पास.

आज सकाळी आई नऊवारी नेसून तयार. जीपची पायरी तिला चढणं शक्य नव्हतं. मी जीप गेटाबाहेर तुमच्या उताराच्या कडेला लावली, आई उताराच्या वरच्या टोकाला उभी राहिली, आणि पायरी बरोबर तिच्या पावलाला आली. माझ्या गाडीसाठी केलात तो उतार, चढली तुमच्या जीपमध्ये ती. मी पलीकडून येऊन बसलो आणि बघत राहिलो. मला वाटलं ती स्टेअरिंगकडं बघेल. तिनं बघितलंच नाही. तिनं समोर हात नेला, पट्टीवरचा धरायचा दांडा पकडला, बोटं मागंपुढं फिरवली, आणि हात काढून घेतला. "हा माह्या हाताचा दांडा नाही." ती म्हणाली, "माह्या बांगड्या घासून घासून तिथला रंग गेलता. खड्डा आला का मी धरो, अन् ते म्हणत, सगळी गाडी खरवडून टाकशीन. कुठं गेला तो?" बाबा, मी पंधरा दिवस तुमच्या अंगठ्यासाठी जीव टाकत फिरलो. तिच्या बांगड्यांचा मला विचारही शिवला नव्हता. ती जागा रोज माझ्या डोळ्यासमोर होती आणि मी ती कधी पाहिलीच नव्हती. आता तिच्या हातात बांगड्या नाहीत, आणि होत्या याचा पुरावा होता तो मी बाभुळगावला एका पडद्यापायी पाठवून दिला. मी म्हटलं, "आई, बदलावा लागला. सडला होता." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चाल आता. ऊन होईन."

कोपऱ्यावर वळताना माझा हात सवयीनं हॉर्नवर गेला, दोनदा, तुम्ही घरी येताना वाजवायचात तसा. तुम्ही दोनदा वाजवलं की आई चहा ठेवायची. आई एकदम वळली. तिचा चेहरा खुलला, बाबा, खरंच खुलला. म्हणाली, "हॉर्न तेवढा त्यायचाच हाय." आणि मागं टेकून नीट बसली. धरणावर आम्ही बांधाच्या पाळीवर उभे राहिलो, तिनं मला तुम्ही साहेबांची वाट बघत कुठं थांबायचात ती जागा दाखवली, संत्री सोलून दिली. परतताना ती म्हणाली, अजून एकदा वाजव. मी वाजवला.

हा कागद मी जीपच्या सीटखाली ठेवणार होतो, तुमचे कागद तुम्ही तिथं ठेवायचात म्हणून. पण सीट तुमची नाही. कुठं ठेवावा ते सुचत नाही, म्हणून प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात ठेवतो आहे, तिथं कुणी हात घालत नाही. आणि एक सांगायचं राहिलं. तुमचा हॉर्न तुम्ही गेलात त्याच पावसाळ्यात आत पाणी जाऊन बसला. मी जीप चालू केली, दाबला, आवाजच आला नाही. आईला कळू नये म्हणून मी भंगारवाल्याकडं बसून एकेक हॉर्न बॅटरीला लावून ऐकत गेलो, तुमच्यासारखा बोलणारा सापडेपर्यंत, आणि ती देवळात गेली तेव्हा तो बसवला. म्हणूनच तो कुणाला देत नव्हतो. तुमच्या जीपला पहिला हात माझाच लागला, बाबा, आणि तोही आवाजासाठीच. आईला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.